अभ्र्याचे दोन कोपरे

ताई : ...फोनमधलं माझं गाणं तिसऱ्यांदा लावलं आणि सोबत म्हणून बघितलं. तिसऱ्यांदाही मीच मागे. ‘येणाऱ्याची वाट बघतं’ इथवर आम्ही दोघी बरोबर असतो. मी ‘दार’ म्हणायच्या आत ती फोनमधली मी पुढे निघून गेलेली. मागे वळूनसुद्धा बघत नाही बया.

भाऊ : ताई, तू आधी बस. दोन जिने चढून आलीस. पाणी आणतो.

ताई : पाणी राहू दे. हा कागद वाच. कानाच्या डॉक्टरांकडून आत्ता घेऊन आले.

भाऊ : चष्मा... कुठे ठेवला मी?

ताई : कपाळावर आहे.

भाऊ : हो. ‘दोन्ही कान... वयाच्या मानाने उत्तम. उपचारांची गरज नाही.’ चांगलंच आहे की, ताई.

ताई : काय चांगलं? कान उत्तम, मग बिघाड कुठे? वरच्या मजल्यावर. लेकीला फोन केला, तिने लगेच मंगळवारची वेळ घेतली. डोक्याच्या डॉक्टरांकडे. चित्रं दाखवतात म्हणे, आणि शंभरातून सात सात वजा करायला लावतात.

भाऊ : तुला ते येईल.

ताई : मला ते कधीच येत नव्हतं. शाळेत येत नव्हतं, आता काय येणार! आणि नाही आलं की निकाल लागलाच. लेक म्हणते, दुकानाला कुलूप लाव, मशीन विकून टाक, माझ्याकडे राहायला ये. खोली तयार ठेवलीय तिने. पडदेसुद्धा लावलेत. तयार आणलेले! माझ्या लेकीच्या घरात बाजारातले पडदे.

भाऊ : तू काय म्हणालीस?

ताई : बघू म्हणाले. परवा एका शर्टाचं माप मी तीनदा घेतलं, पुस्तक्या. लिहून ठेवलेलं बरोबर होतं, तरी विश्वास बसेना. गिऱ्हाईक म्हणालं, मावशी, मी तेवढ्यात वाढलो का? सगळे हसले. मीही हसले. म्हणून तुला सांगायला आले, तुझ्या वाचनालयवाल्यांना कळव, रविवारी मी गाणार नाही.

भाऊ : असं नको करूस. तू ते रेकॉर्डिंग ऐकू नकोस ना. नुसती उभी राहा आणि गा.

ताई : दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी ते ऐकूनच बोलावलं ना मला? तेव्हापासून सराव करतेय. लोक तेच ऐकायला येणार. आठ महिन्यांपूर्वी मी जे गायले ते आज मला जमत नाही. आईचं गाणं! जे मी झोपेतही म्हटलं असतं. काय रे, तुझा चेहरा का असा झालाय? जेवलास का?

भाऊ : जेवलो. ताई... तुला आठवतं, ते सॉफ्टवेअर निवडायला मी चार महिने घेतले होते?

ताई : न आठवून कुणाला सांगते! वही केली होतीस. उभे रकाने, आडवे रकाने. स्वतःचं लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीस.

भाऊ : तेव्हा तीस दिवस वापरून बघायची सोय नव्हती.

ताई : बायको असती तर आत्ता लाटणं घेऊन आली असती. पण ते सॉफ्टवेअर मध्येच कुठून काढलंस?

भाऊ : सांगतो. मला जरा सुरुवातीपासून सांगू दे, नाहीतर जमणार नाही. पहिलं होतं ते फुकट होतं. त्यात नुसतं रेकॉर्ड व्हायचं आणि वाजायचं. खरं तर आपल्याला तेवढंच पुरे होतं. दुसरं नाचाचं संगीत बनवणाऱ्या पोरांसाठी होतं, नुसते रंगीत चौकोन. तिसरं बरं होतं, पण दर पाच मिनिटांनी बंद पडायचं. चौथं मी घेतलं, कारण... त्यात चुका दिसायच्या.

ताई : दिसायच्या म्हणजे?

भाऊ : हे बघ, इकडे खुर्ची ओढ. ह्या उभ्या रेषा आहेत ना, त्या तालाच्या. प्रत्येक ठोक्याला एक. आणि ही जाडी-बारीक नक्षी आहे तो तुझा आवाज. कुठला शब्द रेषेवर आला, कुठला मागे राहिला, सगळं दिसतं.

ताई : हा माझा आवाज? सुरवंटासारखा दिसतोय.

भाऊ : मला तो फार सुंदर वाटला होता. मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, ताई. दुसऱ्यांच्या ओळी. कधी एक अक्षर स्वतःचं नव्हतं त्यात. हे पहिल्यांदा घरचं काम हाती आलं होतं. मी ठरवलं होतं की यात एकही चूक राहू द्यायची नाही.

ताई : मग?

भाऊ : ती फोनमधली बाई... ती तू नाहीस.

ताई : आं?

भाऊ : म्हणजे आवाज तुझाच आहे. पण मी तिला हात लावलाय. ‘वाट बघतं’च्या पुढे तू थांबली होतीस. कानात तालाची टिकटिक चालू होती तरी थांबलीस. ‘दार’ रेषेच्या बरंच मागे पडलं होतं. मी ते उचललं आणि रेषेवर आणून ठेवलं. पुढचं सगळं त्याच्यामागून ओढून घेतलं. दोन ठिकाणी. पहिल्या कडव्यात आणि दुसऱ्या.

ताई : आणि तिसऱ्यात?

भाऊ : तिसऱ्यात तू थांबलीच नव्हतीस. म्हणून तर माझी खात्री पटली. तिन्हीकडे थांबली असतीस तर मी म्हटलं असतं, ही हिची पद्धत आहे. दोनदा थांबायचं आणि तिसऱ्यांदा नाही, याला आम्ही छापखान्यात चूकच म्हणायचो.

ताई : मला विचारलं नाहीस.

भाऊ : नाही. तुला वाईट वाटेल असं वाटलं. की... तू विसरलीस, असं मी तुला सांगतोय.

ताई : म्हणून मी विसरले असं मलाच वाटू दिलंस. दोन आठवडे.

भाऊ : पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुलाही ते पटलं.

ताई : अरे, स्वतःचा आवाज ऐकून मी इतकी लाजले होते की पदरात तोंड घालून बसले होते. अर्धं गाणं ऐकलंच कुठे! थांब. माझं गाणं कुठाय? मी म्हटलेलं. पुसलंस?

भाऊ : नाही, नाही! यात मूळ कधी पुसलं जात नाही. ते खाली तसंच राहतं, वर नुसती दुरुस्ती दिसते.

ताई : अस्तर राहतं म्हण की. दाखव उसवून.

भाऊ : एक बटण आहे. हे दाबलं की सगळी दुरुस्ती बाजूला होते. आठ महिन्यांत मी ते एकदाही दाबलं नाही. तो हेडफोन घालतेस?

ताई : नको ते कानातलं झाकण. मोठ्याने लाव. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिलंय.

(गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजतं. संपल्यावर बहीण बोटाने टेबलाच्या कडेवरून एक रेघ ओढते, थांबते, बोट वळवते.)

ताई : परत लाव. दुसऱ्या कडव्याचा शेवट.

भाऊ : हे घे.

ताई : हां. वळलं.

भाऊ : काय वळलं?

ताई : कापड. आई हे गाणं कधी म्हणायची रे?

भाऊ : शिवताना. मला आतल्या खोलीत ऐकू यायचं.

ताई : तू आतल्या खोलीत पुस्तक घेऊन. मी मशीनखाली बसलेली, तिच्या पायाशी. दोरे गोळा करायला. ती दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवायची, शेकड्यांनी. गाणं त्या मापाचं आहे. पहिली बाजू शिवायची, पहिलं कडवं. कोपरा आला की सुई कापडात रोवलेली ठेवायची, पाय थांबवायचा, कापड वळवायचं. तेवढा वेळ ‘वाट बघतं’ म्हणून ती गप्प. वळलं की ‘दार’, आणि पाय पुन्हा चालू. दुसऱ्या कडव्याला दुसरा कोपरा.

भाऊ : आणि तिसरं कडवं...

ताई : तिसऱ्या बाजूला कोपरा कुठला? ती संपते. चौथी बाजू उघडीच ठेवायची असते, तिथून उशी आत जाते. चाळीस वर्षं प्रुफं तपासलीस आणि रोज डोकं कशावर ठेवलंस ते बघितलं नाहीस!

भाऊ : मी ऐकलंच नाही, ताई. मी नुसतं बघितलं. रेषेच्या मागे पडलेलं दिसलं आणि हात गेला.

ताई : त्याचा राग नाही आला मला एवढा. शिकलेला हात आहे, जाणारच. माझाही जातो. दुसऱ्याच्या दुकानातली शिवण बघितली की बोटं शिवशिवतात.

भाऊ : मग?

ताई : त्या बाकाचा राग आला. काल कानाच्या डॉक्टरांकडे मला त्या काचेच्या खोलीत बसवलं. शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. काचेतून तू बाहेरच्या बाकावर बसलेला दिसत होतास. पुस्तक उघडं. पाऊण तासात एकही पान उलटलं नाहीस. मला वाटलं, माझी काळजी करतोय बिचारा.

भाऊ : काळजी नव्हती. म्हणजे, होती. पण मी... हे तुला सांगू की नको?

ताई : आता काय राहिलंय?

भाऊ : मला वाटत होतं, कानात काहीतरी निघू दे. थोडंसंच. म्हणजे मग मला हे सांगावंच लागणार नाही. तू आत बसली होतीस आणि मी बाहेर तसं मागत होतो.

ताई : चहा टाक. साखर घाल नीट. मागच्या वेळी विसरला होतास, मी तुला डॉक्टरांकडे नेलं नाही.

भाऊ : टाकतो. ताई, रविवारी तू गायलीस तर... ते थांबणं किती मात्रांचं आहे? दोन? अडीच? मी वहीत लिहून ठेवतो, पुन्हा चूक नको.

ताई : कापड वळेपर्यंतचं आहे.

भाऊ : पण नक्की...

ताई : जाड कापड असलं की जास्त वेळ लागतो. लिही तसंच. आणि चहा नंतर टाक, आधी लेकीला फोन लाव.

भाऊ : मी? तू बोल ना. मला फोनवर शब्द सापडत नाहीत.

ताई : मी सांगितलं तर म्हणेल, आई हेही विसरली. तू लाव. मोठ्याने ठेव, मला ऐकू येतं.

भाची : मामा? आई पोचली ना तुमच्याकडे? कानाचा कागद वाचलात?

भाऊ : पोचली. कान उत्तम आहेत. अगं, मला तुला एक सांगायचंय. तुला माहीतच आहे, मी ते सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा आधी चार वेगवेगळी...

ताई : चार महिने सांगत बसू नकोस.

भाऊ : हो. त्या रेकॉर्डिंगमध्ये मी बदल केला होता. तुझी आई दोन ठिकाणी थांबली होती, ते थांबणं मी काढून टाकलं. तुझी आई काहीही विसरलेली नाही. तिला सगळं आठवतं. चूक माझी आहे.

भाची : कुठे थांबली होती?

भाऊ : ‘दार’च्या आधी.

भाची : कोपऱ्यावर?

भाऊ : तुला कोपरे माहीत आहेत?

भाची : मामा, मीही त्याच मशीनखाली मोठी झाले. आई थांबायची तेव्हा मी श्वास धरून ठेवायचे. तुम्ही ते रेकॉर्डिंग पाठवलंत, मी ऐकलं, आणि आई थांबलीच नाही. दोन्हीकडे नाही. तेव्हाच मला वाटलं की काहीतरी सुटत चाललंय तिचं. हे कान वगैरे सगळं नंतरचं. मी ते ऐकलं त्याच दिवसापासून घाबरलेय.

भाऊ : आठ महिने?

भाची : तिला कसं विचारणार? म्हणून रोज फोन करत होते. खोली रंगवून घेतली.

भाऊ : मला... माझ्या लक्षात... ताई, मी हिला काय सांगू?

ताई : काही सांगू नकोस. ते मूळचं आहे ना, ते लाव. फोन जवळ धर. दुसरं कडवं.

भाऊ : लावतो. हे... ऐकू येतंय का गं?

भाची : हो. शू.

(दुसरं कडवं वाजतं.)

भाची : हो. थांबली. मामा, आई आहे का तिथे? मंगळवारचं काय करू मग, विचारा तिला.

भाऊ : विचारतेय, मंगळवारचं काय करायचं.

ताई : मंगळवारी दुकान उघडं आहे म्हणावं.