मिस्टर कॅझची डॉक्टर

हॅलो?… हां बर्नी, बोल… नाही ना, कॅझ अजून परतला नाही… लहान मुलांच्या डॉक्टरकडे… हो, हो, नीटच ऐकलंस. लहान मुलांच्या! एकसष्ट वर्षांचा घोडा जाऊन बसलाय तिथे… हस, हस! माझी सख्खी बहीण ना तू!

अगं, बोलिंग खेळताना चक्कर येऊन पडला ना मागे… तेच. तेव्हापासून शाळेची बस चालवणं बंद. हृदयाच्या डॉक्टरने ठीक आहे म्हटल्याशिवाय किल्ली हातात मिळायची नाही… थेट कसा जाईल? तुझं बरं आहे बाई! तुमच्या विम्यात उठायचं नि वाटेल त्या डॉक्टरकडे जायचं. यादीतला असला तर स्वस्तात, बाहेरचा असला तर जरा खिसा मोकळा… जरा नाही? बरं, बराच. पण कुणाला विचारावं तर लागत नाही! आमचा विमा म्हणजे थेट कॅझची आई. कुठे जायचं तर आधी परवानगी. एक घरचा डॉक्टर नेमलेला, त्याने चिठ्ठी दिली तरच पुढचा मोठा डॉक्टर. तोही त्यांच्याच यादीतला. यादीबाहेर पाऊल टाकलं तर एक छदाम मिळायचा नाही.

…अगं, ऐक ना, तेच सांगतेय! घरचा डॉक्टर आपण निवडायचा असतो. या पठ्ठ्याने ती जागा कोरी सोडली. म्हणे, मी कधी आजारी पडलोय? मग कंपनीनेच नेमला, घराला सगळ्यात जवळचा. आता आमच्या जवळ कोण आहे? चौकापलीकडची ती पोरांची डॉक्टर… प्रेंटिस, हो, दारावर जिराफ रंगवलाय ती. अख्ख्या टोलीडो शहरात असा पेशंट हाच असेल!

…थांब, पाणी उतू चाललंय… हं, बोल. चर्चच्या विक्रीचे पिएरोगी गं, सारण भरून ढीगभर वळायचेत अजून.

…बदलता येतो ना डॉक्टर! पण पुढच्या महिन्यापासून. तोवर कागदोपत्री तीच त्याची डॉक्टर… विम्याचा तिसरा प्रकार? तो आमच्या शेजारणीकडे आहे. तुमची नि आमची खिचडी. चिठ्ठी घेऊन गेलं तर आमच्यासारखं स्वस्त, न घेता बाहेर गेलं तर तुमच्यासारखं महाग. बिचारी दर वेळी गाडीत बसून ठरवते, आज आपण लुसिल की बर्नी!

…खरं सांगू? मला विम्याचा राग नाही आलाय. हा माणूस तीन आठवडे नुसतं ‘चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही’ करत बसलाय. मागायला गेला होता का एकदा तरी? आज मी दाराबाहेर काढला तेव्हा गेला. घाबरलाय तो, बर्नी… हो ना, वडील असेच गेले त्याचे, याच वयात. पण कबूल करेल तर शपथ… मी? मी काय… घाबरलेय. हो, मीही घाबरलेय.

…आला! ठेवू नकोस हं… कॅझ, आधी बूट पूस. काय झालं?… बर्नी आहे… काय?… बर्नी, तो म्हणतोय, तिथे अर्धी बस बसली होती! याचीच पोरं, शेंबडी, खोकणारी. ‘मिस्टर कॅझ, मिस्टर कॅझ’ करून अंगावरच आली. तिथल्या इवल्याशा खुर्चीत अडकला म्हणे, पोरांनी ओढून काढला… हो गं, मिळाली चिठ्ठी! डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, पण दिली. वर डायनासोरचा स्टिकर. आहे ना, कोटावर मिरवतोय…

…मग काय रे?… कोण, ओपल? शेवटच्या थांब्यावरची?… बर्नी, त्या पोरीने विचारलं, तू का आलास? हा म्हणाला, उगीच. तर म्हणते कशी, मी पण इंजेक्शनला घाबरते, मग आई हात धरते. तुझा कोण धरतं?…

…आणि तू काय सांगितलंस, कॅझ?…

…

…काही नाही, बर्नी. रडतेय, दुसरं काय करणार… म्हणाला, अजून कुणाला सांगितलंच नाही मी, की मला भीती वाटते.

…काय? फोन? कशाला हवाय?… आत्ता?… बर्नी, ठेवते! हृदयाच्या डॉक्टरला लावतोय… स्वतः, अगं, स्वतः!… नंतर सांगते ना!… थांब रे, देते… मी कशाला बसू इथे?… अरे, पिठाचे आहेत माझे हात!… बरं. धर. असाच धर… बर्नी, ठेव ना गं बाई!