पुढच्या वर्षीचे शिंपले

दोन हजार दोनचा उन्हाळा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, पाय धुवायच्या नळापाशी रांग होती. टोपी-गॉगल घातलेल्या मंदाकाकूंच्या पुढे एक बाप आणि त्याची सात-आठ वर्षांची लेक उभी होती. मागे कुणी मराठी असेल, हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

“पुण्याहून आजीचा फोन आला तर बाबा ऑफिसला गेलाय, असंच सांगू?”

“हो, मनू. थोडेच दिवस.”

“ओके.”

“बादली दे इकडे. जड आहे.”

“आय कॅन कॅरी इट. तूच म्हणालास ना, सगळे शिंपले घे.”

“मग घे की!”

“लास्ट समर म्हणाला होतास, थोडेच घे, बाकीचे पुढच्या वर्षी.”

“म्हणालो असेन.”

“आज तसं म्हणालाच नाहीस.”

“पाय पुढे कर बघू. वाळू किती ती!”

“बाबा, तुझा जॉब गेला ना? आपण पुण्याला जाणार, कायमचे?”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही. पण मला कळलंय हे आईला सांगू नकोस हं. ती रडेल.”

“नाही सांगणार.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

“थांब, आलेच.”

ती वाळूत गेली आणि तिने अर्धी बादली ओतून टाकली.

“अगं, हे काय?”

“हे पुढच्या वर्षीचे.”

नळ तसाच वाहत राहिला. मग बाप मागे वळून काकूंना म्हणाला, “सॉरी. प्लीज गो अहेड.”

काकूंच्या अगदी ओठांवर मराठी आलं होतं.

“टेक युअर टाइम,” त्या म्हणाल्या.