बारकीला सूट

नको हो नको, आभार कसले मानताय? बसा आधी — या खुर्चीवर, जरा जपून, तिचा एक पाय डुगडुगतो. मी काही फार मोठं केलेलं नाही. वर्गशिक्षिका आहे मी तिची, तेवढंच. आणि एवढ्यासाठी कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलात? अहो, फोन केला असतात तरी चाललं असतं. केला नसतात तर आणखी बरं — नाही, म्हणजे, परीक्षा आता सुरू व्हायचीय ना, सगळीकडे गडबड, म्हणून म्हटलं.

हो, तुमची बारकी वाचनालयात आहे. पुस्तकांना कव्हरं घालतेय. काय टापटीप काम हो पोरीचं! आम्हा मोठ्या माणसांना जमत नाही असं — काय? शिलाईवरच्या सगळ्या बायकांना सांगितलंत? की आमची पोर इतकी हुशार, बाईंनी तिला परीक्षेतून सूट दिली? अरे देवा. नाही नाही, बरं केलंत, आईनं कौतुक नाही करायचं तर कुणी करायचं? हो, मीच म्हटलं होतं तिला — तू तर हुशारच आहेस, तुला कशाला हवी परीक्षा? जिभेला हाड असतं का काही! आणि ती एवढी खूश झाली, ताई, की मला तिच्याकडे बघवेना.

वरच्या शाळेतली गणिताची तुकडी? हो — म्हणजे — तिच्यात या परीक्षेच्या गुणांवरूनच घेतात. सूट आहे म्हणजे आपोआप घेतील, असं वाटलं तुम्हाला? साहजिक आहे. कुणालाही वाटेल. तिलाही तसंच वाटतंय का? घरी म्हणाली? हं.

समजतंय ना मी बोलते ते? नाही, तुम्हाला आपली भाषा आता छान येते, पण मी घाईत बोलते. हळू सांगते. आमच्या शाळेचा निकाल म्हणजे एकच आकडा नसतो. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा, आणि घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचा — म्हणजे कालव्यापलीकडच्या, तुमच्या वस्तीतल्या मुलांचा — वेगळा. गेल्या वर्षी तो तुमचा आकडा असा काही घसरला की वर्तमानपत्रात आला. चांगल्या घरच्या — चांगल्या म्हणजे, असं नाही, इथल्या जुन्या घरच्या — पालकांनी पोरांचे दाखले काढून नेले. आणखी एक वर्ष असं गेलं की शाळेला कुलूप, मग मीही घरी आणि हेडसरही घरी. पण एक नियम आहे. एखाद्या गटातली दहापेक्षा कमी मुलं परीक्षेला बसली तर त्या गटाचा आकडा छापतच नाहीत. का, तर एवढ्याशा मुलांत नापास कोण ते लोकांनी ओळखू नये, पोरांची लाज राहावी. चांगलाच आहे की नियम! आणि यंदा तुमची पोरं किती? बरोबर दहा. हेडसर म्हणाले, बाई, एक कमी करा, कुठलंही.

ढ म्हणून? छे! छे हो, ताई, असं मनातसुद्धा आणू नका. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नाही — कालव्याच्या अलीकडचंसुद्धा नाही. मग तिलाच का, हेच विचारताय ना? विचारा, विचारलंच पाहिजे. अहो, दुसऱ्या कुणाला काढणार? ट्रकवाल्याच्या मुलाला? त्याचा बाप फाटकात उभा राहून शाळा डोक्यावर घेतो. त्या जुळ्यांना? त्यांची आत्या वकिलाकडे कामाला. प्रत्येकाचं कुणी ना कुणी भांडायला आलं असतं. आणि तुम्ही म्हणजे गरीब गाय. पालकसभेला येता, मागच्या बाकावर बसता, मी काहीही सांगितलं तरी मान डोलावता. तेव्हा मी — मी आई बघून मुलगी निवडली.

बघा, हे सांगायचं नव्हतं मला. शरम वाटते हो. घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, नोकरी म्हटली की चालायचंच. चालायचंच म्हणे! त्याला काय जातंय, रोज त्या पोरीसमोर मला उभं राहायचंय, ती वहीतलं गणित दाखवायला येते आणि मी दुसरीकडे बघते. तुम्हाला खोटं वाटेल, पण —

उठलात का? कुठे निघालात? तिला परीक्षेला बसवायचंय? बसवा की! हजेरीत नाव आहे तिचं, तिचा पेपरही आलाय, चला, मीच येते, हेडसरांना काय सांगायचं ते —

घंटा झाली.

नाही ताई, ही मुलांनी आत येऊन बसायची नव्हे. ती तुम्ही आलात तेव्हाच झाली. ही दुसरी. ही झाली की दारं लावून घेतात, मग कुणी का असेना, आत घेत नाहीत. हो, माहीत होतं मला. घड्याळ? घड्याळ ते काय, तुमच्या पाठीमागे. माझ्या समोर. दिसत होतं बोलताना. पण मुद्दाम नाही हो! शप्पथ, मुद्दाम नाही, मला वाटलं आधी मन मोकळं करावं, मग — आधी धावत जाऊन पोरीला नेऊन बसवायला हवं होतं. कळतं मला तेवढं. आता कळतंय.

भांडा ना माझ्याशी. ओरडा, हेडसरांना ऐकू जाऊ दे.

काय? तिला काय सांगायचं?

ते मला नका विचारू. जा तुम्ही, ताई. वाचनालय उजवीकडे, शेवटची खोली. आणि जाताना एवढं दार लोटून घ्या.