ज्ञानबामामांची चाल

करमाळ्याहून केमला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर मेंढरं राखणारे ज्ञानबा आणि पुण्यात कार्टून फिल्म करणारी त्यांची भाची ऋतुजा बसले होते.

“मामा, तुमच्यामुळं माझी नोकरी टिकली. तेच सांगायला आले.”

“मी काय केलं गं?”

“माझा मेंढपाळ पडद्यावर लाकडी बाहुल्यासारखा चालायचा. सर म्हणाले, आठ दिवसांत जमव, नाहीतर दुसरं काम बघ. मग दिवाळीत माळावर काढलेला तुमचा व्हिडिओ आठवला. थांबवून थांबवून बघितला.”

“आन् काय दिसलं?”

“तुम्ही वळताना आधी डोळे वळतात, मग मान, मग खांदा. घोंगडीचं टोक सगळ्यात शेवटी येतं. मी सगळं अंग एकदम वळवत होते, म्हणून तो ताठ दिसायचा.”

“अरं देवा! पन्नास वर्सं मेंढरांमागं वळतोय, मला ठावं न्हाय.”

“धरा मोबाईल. हा बघा माझा मेंढपाळ, बांधाकडं निघालाय.”

“अगं, ह्यो मी न्हाय.”

“तुम्हीच की मामा. चाल तुमचीच आहे.”

“न्हाय. ह्यो आबा हाय, माझा बाप. डावा खांदा असाच टाकून चालायचा.”

“आजोबा? मी त्यांना कधी पाहिलंच नाही.”

“त्येचा एक बी फोटू न्हाय गं आपल्याकडं. लई उपकार झालं, पोरी. परत दाव.”

“मामा, केम आलं. उतरायचं ना?”

“उतरू की. आबाला तेवढं बांधापातूर पोचू दे.”