मिस्त्रीला घातलेली आण

माझं नाव किसन. गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आन् बाप माझा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. काय सांगू ताई तुम्हाला, ज्या रस्त्यावर बापानं खडी फोडली त्याच रस्त्यावर म्या गाडी चालवली. वस्तीतला पहिला डायवर मीच, बाकी समदे मजुरीला, आन् स्टेरिंगवर बसलेला एकटा मी. माझी जीप जायला लागली की बाप खडीच्या ढिगावरनं उठून उभा ऱ्हायचा. हात न्हाई करायचा, नुसता उभा ऱ्हायचा. हे आधी सांगतो, कारण म्होरं म्या जे केलं त्येचं मूळ ह्यात हाय.

शिकलो कुठं म्हणाल तर बाहत्तरच्या दुष्काळात. पाण्याच्या टँकरवर नळी सोडायला व्हतो, तिथं बघून बघून हात बसला, मग लायसन काढलं आन् गावातल्या एका बागायतदाराकडं जीपवर लागलो. त्येंना आम्ही आप्पा म्हणायचो. मळ्यात शेवंती, झेंडू, वांगी, सगळं पिकायचं. जीपला मागं ट्रेलर जोडायचा, फुलांच्या पाट्या भरायच्या, आन् शिरूर, न्हावरा, चौफुला, वरवंड करत दौंड टेशन गाठायचं, तिथनं माल रेल्वेनं सोलापूरकडं जायचा. गाडी चुकली की फुलं गेली. पर माझी कवा चुकली न्हाई, बरं का.

दौंडात टेशनाच्या मागं पत्र्याचं गॅरेज व्हतं, दगडू मिस्त्रीचं. जातीनं लोहार, पर माझ्या डब्यातली भाकर माझ्याआधी त्योच उचलायचा. इंजनाला नुसता कान लावून सांगायचा काय बिघडलंय ते. त्येच्याकडं एक दिवस गेलो न् म्हणलं, मिस्त्री, गाडी मिस घेतीय, वरवंडच्या अलीकडं चारदा ठोका चुकला. त्येनं प्लग काढले, साफ केले, म्हणला जा. आठ दिवसांनी परत तेच. मग कारबुरेटर खोलला, पाइंट घासले. परत तेच. तिसऱ्या येळला मिस्त्री वैतागला, म्हणला बस माझ्या शेजारी, आन् स्वतः जीप फिरवून आणली पाटसपर्यंत. त्येला काय लागंना, मला तर बसल्याजागी धडधड धडधड. म्हणलं हे बघ, घेतीय का न्हाई? मिस्त्रीनं चावी फिरवून इंजन बंद केलं. म्हणला आता सांग, घेतीय का? म्हणलं व्हय, घेतीय की. त्येनं माझ्या छातीवर हात ठेवला, आन् लई येळ काढलाच न्हाई. म्हणला, किसन्या, गाडी खणखणीत हाय रं, मिस तू घेतोयस.

हसलो आम्ही दोघंबी. मग मिस्त्री म्हणला, चल दवाखान्यात. म्हणलं, न्हाई. दवाखान्यात गेलो की डॉक्टर म्हणणार गाडी सोड, आप्पा दुसरा डायवर बघणार, आन् गाव म्हणणार, बघा, ह्यांना कुठं जमतंय. बाप कुणाची गाडी बघाया उठणार मग? माझी पोर शांता तवा दीड वर्साची. मिस्त्रीचा जीव व्हता तिच्यावर. म्हणलं, मिस्त्री, कुणाला बोललास तर शांतीची आण हाय तुला.

त्यो असा मागं सरला. म्हणला, लेकराची आण कशाला घालतोस, आधी सुटली म्हण. आमच्याकडं आण अशी असती, ताई, ज्येनं घातली त्येनंच सुटली म्हणायचं, दुसऱ्या कुणाच्यानं सुटत न्हाई. म्या म्हणलंच न्हाई.

तसंच चालवलं वरीसभर. मग एकदा आप्पांच्या वडलांना, आबांना, दौंडला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं निघालं. म्हातारं माणूस म्हणून म्या आदल्या आठवड्यात जीप मिस्त्रीकडनं समदी तपासून आणली, स्टेरिंगला ग्रीस, बोल्ट आवळलेले, समदं. आन् त्या दिवशी, सकाळचे धा-अकरा झाले असतील, न्हावऱ्याच्या म्होरं छातीत सुरू झालं. पोत्यात घातलेली कोंबडी फडफडती ना, तसं. रस्ता मोकळा व्हता. डाव्या हाताला चिंच व्हती, खाली सावली व्हती, लोक तिथं थांबायचेच. आबा म्हणालेबी, किसन, पाणी पिऊ का रं जरा? आन् म्या काय म्हणलं, तर वरवंडला पिऊ आबा, आलंच. मला वाटलं जाईल, दरवेळी जातंय. ती चिंच अजून हाय. तिच्याकडं बघवत न्हाई मला.

डोळ्यापुढं अंधारी आली ती आलीच. जाग आली तवा जीप रस्त्याकडंच्या चारीत आडवी, आबांचा पाय खाली, आन् लोक जमलेले. कुणीतरी इचारलं, काय झालं रं? तर माझ्या तोंडातनं पहिला शब्द निघाला, स्टेरिंग अडकलं. आबा कसं हायेत हे इचारलं न्हाई म्या, ताई. आधी हे निघालं.

जीप तर अशी चेपली व्हती की खरं-खोटं कुणाला कळणार. आबा वाचले, पर त्येंचा पाय गेला, म्हंजी परत उभे म्हणून ऱ्हायले न्हाईत. आन् आप्पा माझा हात धरून काय म्हणावेत, तर तू होतास म्हणून म्हातारा वाचला. माझ्या अंगावर टॉवेल टाकला, डोक्याला टोपी घातली, नारळ दिला, चार माणसांपुढं. वस्तीतली माणसं कौतुकानं बघत व्हती, बाप रडला. म्या ती टोपी घातली. घातली की!

त्येच्या आधी दवाखान्यात व्हतो तवा मिस्त्री आला. माझी बायको कौसल्या पोरीला घेऊन शेजारी उभी. त्यो चिडला न्हाई, वरडला न्हाई. नुसतं म्हणला, किसन, सुटली म्हण.

म्या भिताडाकडं तोंड केलं.

मिस्त्रीनं शांतीच्या गालाला हात लावला न् गेला. कौसल्या म्हणली काय सुटली, कसलं बोलत व्हते भाऊजी? म्हणलं काय न्हाई, गाडीचं.

आठवड्यामागं स्टेरिंग त्येनंच तपासलं म्हणून समदा दोष मिस्त्रीवर आला. एक शब्द बोलला असता तर मिस्त्री सुटला असता. न्हाई बोलला. माझ्या पोरीसाठी न्हाई बोलला. आप्पांनी टेशनापुढं त्येला नाही नाही ते बोलून घेतलं, त्येनं खाली मान घालून ऐकून घेतलं, आन् मग कोण गाडी नेतंय त्येच्याकडं? दिवाळीच्या आत गॅरेज बंद झालं. वरवंडला भावाच्या भात्यावर बसला, खुरप्यांना, विळ्यांना धार लावायला. इंजनाला कान लावून सांगणारा माणूस.

मला दोन-तीनदा परत चक्कर आली, तवा कौसल्यानं वढून पुण्याला नेलं मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली, गोळ्या दिल्या, म्हणले काही महिने स्टेरिंगला हात लावायचा न्हाई, मग तपासून सांगतो. आप्पांना म्हणलं, अपघातातल्या माराचं हाय, आन् त्येंनी माझी जागा राखली. मग डॉक्टर तपासून म्हणले, आता चालव. गोळी चुकवू नको, उपाशी चालवू नको, धडधड सुरू झाली की गाडी कडंला घ्यायची न् उतरायचं, आन् बरोबरच्या माणसाला आधी सांगून ठेवायचं. म्हणलं एवढंच? म्हणले, एवढंच, पर आधी का न्हाई आलास? त्येच्यानंतर कितीतरी वर्सं चालवली म्या, निर्धास्त, एक ओरखडा न्हाई. आधी गेलो असतो तर आबा चालत व्हते, मिस्त्रीचं गॅरेज व्हतं, आन् माझी नोकरीबी व्हतीच.

जाता येता वरवंडला भात्याचा धूर दिसायचा. थांबलो न्हाई. आबा गेले, मागनं आप्पाबी गेले, तवा एकदा उतरलो. मिस्त्रीचं डोकं पांढरं झालेलं. समोर उकिडवा बसलो न् म्हणलं, मिस्त्री, सुटली. त्येनं विळा खाली ठेवला. म्हणला, आता कुणाला सांगू?

मग चहा सांगितला. शांती कशी हाय इचारलं. लेकरं झाली का तिला, म्हणला.

आता त्योबी न्हाई. शांतीला नातवंडं हायेत, गुणाची हायेत, चांगलं चाललंय समद्यांचं. तुमचंबी भलं व्हवो ताई, तुम्ही एवढ्या लांबनं आलात ऐकायला. माझं नाव लिवलं न्हाई तरी चालंल. पर एवढं लिवा, दौंडच्या दगडू मिस्त्रीनं आवळलेले बोल्ट पक्के व्हते. स्टेरिंगला काय बी झालं नव्हतं.