समुद्राच्या तळाशी मामंजी

खोटे वाटेल तुम्हांला, पण समुद्राचा तळ मी प्रथम पाहिला तो भिलाईत! कारखान्यावरील एका रशियन अभियंत्याने आम्हां शेजाऱ्यांना चित्रफीत दाखवली. त्याच्या भावाने जहाजामागे पाण्याखालून कॅमेरा ओढत नेऊन ती टिपली होती. पडद्यावर तारामासे आणि फुलांसारखे जीव सरकू लागताच सासूबाईंनी हात जोडले. मामंजींच्या अस्थी आम्ही राजिमला महानदीत सोडल्या होत्या. त्या समुद्राला पोहोचल्या की नाही, ही त्यांची कायमची रुखरुख.

"सूनबाई, इचार त्याले, आमचे मालक दिसले काय?"

मी इंग्रजीत विचारले. तो हसला नाही. म्हणाला, "तुमच्या समुद्रात कॅमेरा अजून गेलेला नाही."

सासूबाई निवांत झाल्या. "बरं झालं. जाईल तवा मले आधी सांग म्हणा. आज त मी जुन्याच लुगड्यावर आली."