राहिलेली अकरा चित्रं

आजच्या अध्यक्षा, आमच्या संचालकबाई. शेजारी बसलेले विभागप्रमुख सर. वनस्पतिसंग्रहातले माझे सोबती. आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या.

सर माझ्याबद्दल इतकं बोलले की ही बाई कोण, एकदा भेटायला हवी, असं मलाच वाटलं.

विद्यार्थी मला नेहमी विचारतात, विज्ञानचित्रकार व्हायचं तर सुरुवात कुठून करायची? मी पेनाचं, कागदाचं सांगून वेळ मारून नेते. आज कामाचा शेवटचा दिवस, उद्यापासून कोणी विचारणार नाही, म्हणून खरं उत्तर आज देते.

मी शिवणकाम करणारी बाई. कापडावर वेलबुट्टी काढायची. माझी थोरली लेक इथे, सरांच्या हाताखाली, रानफुलांवर संशोधन करत होती. प्रबंधाला तीस चित्रं हवी होती आणि तिने काढलेली कळी वांग्यासारखी दिसायची! म्हणून तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. पहिल्याच फुलात मी चार पुंकेसरांचे पाच केले. चार काही शोभेनात. ती हसली नाही. म्हणाली, "आई, सुंदर नको काढूस. आहे तेवढंच काढ." ती सुईने कळी उलगडायची, मी शाईचे ठिपके देत बसायची. आम्ही मायलेकी इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो.

एकोणीस चित्रं झाली आणि तिला ताप आला. नऊ दिवस. संपलं.

महिन्याभराने मी तिचे वाळवलेले नमुने परत करायला आले. सरांनी पुडकं घेतलं नाही. म्हणाले, "अकरा राहिलीत. तुमच्याशिवाय कोण काढणार?"

माझी पोर गेली आणि यांना चित्रांचं पडलंय! घरी येऊन मी खूप तोंड सोडलं. यजमान सगळं ऐकून एवढंच म्हणाले, की मग घरी बसून तरी काय करणार आहेस?

दुसऱ्या दिवशी आले. वाळक्या कळ्या कोमट पाण्यात भिजवून माझ्या मीच उलगडल्या. पहिल्या चारांच्या चिंध्या झाल्या. अकरा चित्रांना सात महिने लागले. प्रबंध तिच्या नावाने छापला गेला, आणि सरांनी माझ्यापुढे दुसऱ्या कुणाचा तरी नमुना ठेवला. अशी सुरुवात झाली, मुलांनो. त्याला सव्वीस वर्षं झाली.

गेल्या महिन्यात वाटलं, जाण्याआधी तिचं एक चित्र काढावं. कागद घेतला. भुवईजवळचा तीळ डावीकडे होता की उजवीकडे, आठवेना. घरात फोटो आहेत. पण आईने फोटो बघायचा? धाकट्या लेकाला फोन केला. त्यालाही आठवेना. हजारभर फुलं मी डोळे मिटून सांगेन, आणि पोटच्या पोरीचा तीळ नाही. याला काय म्हणावं?

कागद कोराच राहिला.

आनंदाच्या कार्यक्रमात हे बोलायला नको होतं, कळतं मला. उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत, तुमची ऋणी आहे. आणि सर, त्या दिवशी घरी जाऊन मी तुम्हाला नाही नाही ते बोलले होते. आज माफी मागते. ते पुडकं तुम्ही घेतलं असतंत, तर मी घरी जाऊन काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.